फ्रान्समधील जुनी चांदीची उपासनापात्रे : एका चषकाच्या निमित्ताने

दोन_नद्या

गेली आठ वर्षे मी लिओं शहरात राहते. येथे वसंत ऋतू सुरू झाला की गल्लोगल्ली जुन्या वस्तूंचे बाजार भरतात आणि लोक आपापले माळे रिकामे करून भांडीकुंडी, तसबिरी, पुस्तके रस्त्यावर मांडून बसतात. मागच्या महिन्यात अशाच एका बाजारात, चिनी मातीच्या बशांच्या मागे आडवा पडलेला एक चषक मला दिसला. कॅथलिक धर्मगुरू मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनाविधीच्या, वेळी ज्यात द्राक्षारस अर्पण करतात, तो हा चषक. विक्रेत्याने तो सोळाव्या लुईच्या काळातला आणि सबंध चांदीचा असल्याचे सांगितले. मी तो विकत घेतला, आणि घरी आणल्यापासून माझ्या मनात दोन प्रश्न घोळत आहेत.

आधी त्याचे वर्णन करते. उंची २६ सेंटिमीटर आहे. बैठक सहा पाकळ्यांची असून एका पाकळीवर लहानसा क्रूस कोरलेला आहे. दांड्याच्या मध्यावर फुगीर गाठ आहे आणि तिच्यावर निळ्या मीनाकामाच्या सहा टिकल्या बसवल्या आहेत. वरच्या पेल्याला बाहेरून गव्हाच्या ओंब्या आणि द्राक्षांचे घोस असलेले जाळीदार वेष्टण आहे, तर आतून सोन्याचा मुलामा आहे. पेल्याच्या काठाखाली दोन बारीक छापा आहेत. त्यांपैकी एक शिरस्त्राण घातलेल्या स्त्रीच्या डोक्याची आहे. दुसरी शंकरपाळ्याच्या आकाराची असून तिच्यातली अक्षरे बरीच झिजली आहेत.

माझा पहिला प्रश्न असा की ही वस्तू नेमकी कोणत्या काळातली आहे आणि ती कशी ओळखावी? दुसरा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करतो. आमच्या घरी आजीचे चांदीचे पंचपात्र आहे. ते कोणी रस्त्यावर मांडून विकले असते तर मला कसे वाटले असते, हा विचार चषक हातात घेतल्यावर प्रत्येक वेळी येतो. ही वस्तू मी घ्यायला हवी होती का?

टंचकार

आमच्या घरी तीन पिढ्या सराफी होती. चांदीवरच्या परदेशी छापा वाचण्याचा नाद मला तिथूनच लागला. तुम्ही वर्णन इतके नेमके केले आहे की पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच खात्रीने देता येते.

शिरस्त्राण घातलेली स्त्री म्हणजे मिनर्व्हा देवी. फ्रान्समध्ये ही छाप १० मे १८३८ पासून सुरू झाली. भिंगातून पाहिलेत तर तिच्या चेहऱ्यासमोर एक आकडा दिसेल. तो १ असेल तर चांदी हजारात ९५० कसाची, आणि २ असेल तर ८०० कसाची. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर पहिली ९५ टंच आणि दुसरी ८० टंच. चर्चच्या चांगल्या कामात बहुधा पहिलीच आढळते. सोळाव्या लुईची कारकीर्द १७७४ ते १७९२ अशी होती, त्यामुळे मिनर्व्हाची छाप असलेला पेला त्याच्या काळातला असू शकत नाही. शंकरपाळ्याच्या आकाराची छाप ही कारागिराची किंवा पेढीची असते आणि तो आकारही राज्यक्रांतीनंतरचाच आहे, कारण नोव्हेंबर १७९७ च्या कायद्याने जुनी पद्धत मोडून ही नवी पद्धत आणली.

जुनी पद्धत वेगळीच होती. राज्यक्रांतीपूर्वीच्या पॅरिसच्या चांदीवर साधारणपणे चार छापा असत. उस्तादाची छाप, म्हणजे त्याची आद्याक्षरे, वर मुकुट आणि लिलीचे फूल. काम अर्धवट घडलेले असतानाच कर वसूल करणाऱ्याने मारलेली छाप. कस तपासून सोनारांच्या संघाने मारलेले, दर वर्षी बदलणारे अक्षर. आणि शेवटी कर भरल्याची छोटी छाप. ते वार्षिक अक्षर जुळले की वस्तूचे वर्षच सापडते. मिनर्व्हाच्या बाबतीत तशी सोय नाही. ती १९७३ पर्यंत त्याच रूपात चालू होती, म्हणून केवळ तिच्या आधारे १८४० चा चषक कोणता आणि १९४० चा कोणता हे सांगता येत नाही. त्यासाठी कारागिराची छाप, घाट आणि मुलामा यांच्याकडे जावे लागते. १७९८ ते १८३८ या मधल्या काळातल्या वस्तूंवर आधी कोंबड्याची आणि १८१९ पासून म्हाताऱ्याच्या डोक्याची छाप मिळते.

आणखी एक गोष्ट अवश्य पाहा. मिनर्व्हाच्या बरोब्बर मागे, पत्र्याच्या दुसऱ्या अंगाला, किड्यांसारखी बारीक नक्षी उमटलेली दिसते का? छाप मारताना वस्तू ज्या ऐरणीवर ठेवत, त्या ऐरणीवरच निरनिराळे कीटक कोरलेले असत, आणि हातोडीच्या एका घावात पुढे देवी तर मागे कीटक उमटे. दोन्ही बाजूंनी जुळणारी छाप खोटी करणे अवघड, म्हणून ही व्यवस्था होती. मुलामा पुन्हा दिलेला असेल तर ती पुसट झालेली असते.

विक्रेत्याच्या ‘सबंध चांदीचा’ या म्हणण्याबद्दलही मला शंका आहे. बैठकीवर छाप आहे का?

जुनापुराणा

टंचकार यांच्या निष्कर्षाबद्दल एक शंका मांडतो. जुनी चांदी पुन्हा बाजारात आली की तिच्यावर नवी छाप मारली जात असे, असे मी वाचले आहे. मग अठराव्या शतकातल्या चषकावर नंतर मिनर्व्हा उमटवली गेली असेल, ही शक्यता का नाकारावी? घाट तर चक्क मध्ययुगीन गॉथिक दिसतो.

टंचकार

शंका रास्त आहे. मात्र जुन्या मालाच्या फेरतपासणीसाठी स्वतंत्र छापा होत्या. १८३८ च्या फेरतपासणीत पॅरिसमध्ये जिराफाच्या डोक्याची छाप वापरली गेली, आणि १८९३ पासून ज्या चांदीचा उगम निश्चित नाही तिच्यासाठी हंसाची छाप आली. मिनर्व्हा आणि शंकरपाळी छाप एकत्र असणे म्हणजे तो पेला नवा घडवून त्या पेढीनेच तपासणीसाठी नेला होता, असाच अर्थ होतो.

गॉथिक घाटाबद्दल म्हणाल, तर तोच एकोणिसाव्या शतकाची खूण आहे. अठराव्या शतकातल्या फ्रेंच चषकाचा दांडा सहसा नाशपातीसारख्या फुगीर गाठीचा आणि बैठक गोल असे. १८४० नंतर मध्ययुगाकडे परत जाण्याची ओढ लागली आणि सहा पाकळ्यांची बैठक, मीनाकाम, जाळी हे सगळे परत आले. पॅरिसच्या नोत्रदाम कॅथेड्रलच्या जीर्णोद्धाराचा वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक याने स्वतः पात्रांचे आराखडे काढले, आणि पॅरिसचा प्लासिद पुसिएल्ग-रुसाँ याने ते घडवले. नोत्रदाममधला, ख्रिस्ताचा म्हणून जपलेला काटेरी मुकुट ठेवण्याचे १८६२ चे पात्र या दोघांचेच आहे. तुमच्या लिओंमध्ये तोमा-जोसेफ अरमाँ-कालिया हा त्याच तोडीचा कारागीर होऊन गेला.

राज्यक्रांतीपूर्वीची पात्रे इतकी थोडी का उरली, हेही येथे सांगायला हवे. चौदाव्या लुईने युद्धखर्चासाठी १६८९ आणि १७०९ मध्ये चांदी वितळवली, तेव्हा चर्चची पात्रे बव्हंशी वाचली. २ नोव्हेंबर १७८९ रोजी चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या हवाली झाली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत गाडे भरभरून चांदी टांकसाळीत गेली. पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या मठाचा शतकानुशतकांचा खजिना त्याच काळात विखुरला. तेथील मठाधिपती सुजेर याचा बाराव्या शतकातला अकीकाचा चषक वितळण्यातून सुटून पॅरिसच्या राष्ट्रीय संग्रहात गेला, १८०४ साली तिथून चोरीला गेला, आणि आज तो वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पुढे १८०१ मध्ये नेपोलियनने पोपशी करार केला. चर्च पुन्हा उघडली, आणि हजारो वेद्यांवर ठेवायला पात्रेच नव्हती. एकोणिसाव्या शतकातली ही प्रचंड घडाई त्या रिकामपणातून सुरू झाली.

वसईची_लेक

मी वसईच्या कॅथलिक कुटुंबातली आहे. लहानपणी वेदीची व्यवस्था पाहणाऱ्या काकांच्या मागे मागे फिरल्यामुळे ही पात्रे मी फार जवळून पाहिली आहेत. छापांचे ज्ञान मला नाही, पण चषक कसा वापरला गेला हे त्याच्या अंगावरच लिहिलेले असते, त्याबद्दल सांगते.

बैठकीवरचा तो लहानसा क्रूस शोभेसाठी नाही. मिस्सा अर्पण करताना क्रूसाची बाजू धर्मगुरूंकडे असते आणि ते त्याच बाजूने प्राशन करतात. ताई, क्रूस स्वतःकडे करून चषक धरा आणि त्याच्या सरळ वर, काठापाशी पाहा. बाकीच्या काठापेक्षा तिथला मुलामा पुसट असेल, खालची पांढरी चांदी डोकावत असेल, तर हा चषक अनेक वर्षे रोज वापरात होता असे समजा. आतल्या तळाचा मुलामा पुसण्याच्या तागाच्या कापडाने झिजतो.

दांड्यावरच्या गाठीलाही कारण आहे. जुन्या लॅटिन विधीत अर्पणाचे शब्द उच्चारल्यानंतर धर्मगुरू अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटवूनच ठेवत, कारण त्या बोटांनी ख्रिस्तशरीराला, म्हणजे अर्पण केलेल्या भाकरीला, स्पर्श केलेला असे. चषक उचलायचा तो उरलेल्या बोटांनी, आणि गाठ नसेल तर तो निसटण्याची भीती. पेल्याला आतून सोने असण्याची अपेक्षाही अशीच जुनी आहे. द्राक्षारसाची आंबट धार चांदीवर डाग पाडते हे एक, आणि ख्रिस्तरक्ताला स्पर्श होणारी जागा सर्वांत मौल्यवान असावी ही भावना दुसरी.

आता तुमच्या मनातल्या प्रश्नाकडे येते. त्या काळी नवा चषक आला की बिशप त्याला आतून पवित्र तेल लावून त्याचे समर्पण करत, आणि त्यानंतरच तो वेदीवर येई. परंतु १९८३ पर्यंत लागू असलेल्या १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेतील १३०५ व्या कलमात स्पष्ट म्हटले होते की पात्राचा आकार बिघडून ते निरुपयोगी झाले, किंवा ते अनुचित कामासाठी वापरले गेले वा उघड्यावर विक्रीला मांडले गेले, तर त्याचे समर्पण संपुष्टात येते. मुलामा झिजल्याने किंवा नव्याने दिल्याने मात्र ते जात नाही, हेही त्याच कलमात होते. तेव्हा त्या नियमाने पाहता तुमच्या हाती आलेला चषक समर्पित राहिलेला नाही. तुम्ही पाप केले असे मला अजिबात वाटत नाही. मात्र त्यातून पाणी पिऊ नये, त्यात फुले ठेवू नयेत, आणि दिवाणखान्यात मद्याच्या पेल्यांशेजारी तो मांडू नये, एवढी विनंती करते. आमच्यासाठी ते पात्र विकले गेले तरी सामान्य होत नाही.

अशी इतकी पात्रे बाजारात कशी आली, हेही तुमच्या लक्षात आले असेल. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० आणि ७० च्या दशकांत, साधेपणाच्या ओढीने अनेक ठिकाणी जुनी नक्षीदार पात्रे बाजूला पडली. मिस्सा कमी झाल्या, मठ बंद झाले. त्या काळाबद्दल आमच्या घरातली वडीलधारी माणसे अजूनही हळहळतात.

ऐवज

विधीचा भाग समजला, पण कायद्याचा भाग राहिला आणि तो गंभीर आहे. फ्रान्समध्ये ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने चर्च आणि राज्य वेगळे झाले. त्या कायद्यानंतर आणि १३ एप्रिल १९०८ च्या पुरवणी कायद्यानंतर, १९०५ पूर्वीची गावोगावची चर्च आणि त्यांतील बहुतेक चीजवस्तू त्या त्या गावाच्या नगरपालिकेच्या मालकीच्या झाल्या, तर कॅथेड्रल, म्हणजे बिशपांची मुख्य चर्च, राज्याकडे गेली. उपासनेसाठी त्या वस्तू वापरायचा हक्क चर्चकडे राहिला, पण विकायचा नाही. म्हणजे एखाद्या धर्मगुरूने १९६५ साली चर्चच्या कपाटातला जुना चषक सद्हेतूने जरी विकला असेल, तरी ती विक्री मुळातच वैध नव्हती, आणि कितीही वर्षे उलटली तरी नगरपालिका तो परत मागू शकते.

१९०६ च्या आरंभी या वस्तूंच्या याद्या करायला सरकारी माणसे चर्चमध्ये शिरली तेव्हा लोकांनी दारे अडवून धरली होती. ६ मार्च १९०६ रोजी उत्तरेकडच्या बोशेप गावात अशाच झटापटीत जेरी गिझेल नावाचा गावकरी गोळी लागून मरण पावला आणि त्या आठवड्यात मंत्रिमंडळ पडले. त्या याद्या आज पुराभिलेखागारांत पाहता येतात, आणि चषकावर गावाचे वा चर्चचे नाव असेल तर त्यांच्याशी ताडून पाहता येते. संरक्षित वस्तूंसाठी सांस्कृतिक मंत्रालयाची ‘पालिसी’ ही सूचीही सर्वांना खुली आहे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. अनेक चषक चर्चचे नसून धर्मगुरूंचे स्वतःचे असत. गुरुदीक्षेच्या वेळी आईवडील, नातेवाईक किंवा गावकरी वर्गणी काढून तो भेट देत. असा चषक वारसांकडे जाणे आणि वारसांनी विकणे यात काहीच गैर नाही. म्हणून बैठक उलटी करून तिच्या आतल्या बाजूला काही कोरले आहे का ते पाहा. दानलेख बहुधा तिथेच असतो.

दोन_नद्या

काल रविवारची पूर्ण सकाळ खिडकीपाशी भिंग घेऊन बसले. तुम्हा सर्वांनी सांगितलेले एकेक करून पाहिले.

मिनर्व्हासमोर १ हा आकडा आहे. बैठकीवर, दांड्यावर, गाठीवर कुठेही छाप नाही. बैठकीखाली एक चौकोनी नट आहे. तो हाताने फिरला, म्हणून अगदी सावकाश सोडवला. मधून एक लांब सळई जाते आणि तिच्यावर बैठक, दांडा, गाठ, जाळी आणि पेला असे सगळे ओवलेले आहे. सुटे झाल्यावर हातातच फरक कळला. पेला हलका आणि पातळ, तर बैठक जड. बैठकीच्या आत मुलामा नाही आणि तिथे धातू पिवळट तपकिरी आहे. म्हणजे टंचकार यांची शंका खरी ठरली.

मग क्रूस माझ्याकडे केला. त्याच्या बरोब्बर वर, अंगठ्याच्या रुंदीएवढ्या जागेत काठ पांढरा पडला आहे. इतके दिवस मी तो डाग समजत होते. तो एका माणसाच्या ओठांनी पडला आहे हे लक्षात आल्यावर चषक खाली ठेवला आणि काही वेळ नुसती बसून राहिले.

बैठकीच्या आतल्या कडेने बारीक तिरप्या अक्षरांत एक ओळ आहे. फ्रेंचमध्ये ‘माझ्या आईवडिलांची आठवण’ एवढेच शब्द, पुढे दोन आद्याक्षरे आणि १५ जून १८७८ ही तारीख. गावाचे नाव नाही.

आणखी विचारायचे होते. काठावरचा मुलामा पुन्हा द्यावा असे एक कारागीर म्हणाले. तो द्यावा का?

टंचकार

मुलामा देऊ नका, ही कळकळीची विनंती आहे. ती पांढरी जागा हाच या वस्तूचा इतिहास आहे. शिवाय आजचा मुलामा विजेच्या प्रवाहाने चढवतात आणि त्याचा सपाट पिवळा रंग जुन्या कामावर उपरा दिसतो. पूर्वी सोने पाऱ्यात कालवून लावत आणि तापवून पारा उडवत, त्यामुळे सोने चांदीत मुरल्यासारखे दिसे. त्या धुराने कारागिरांचे हात थरथर कापू लागत, दात पडत. १८४० च्या सुमारास विजेची पद्धत आली आणि १८४२ मध्ये क्रिस्तोफ्ल पेढीने तिचे हक्क फ्रान्ससाठी घेतले, तरी पाऱ्याचे काम लगेच थांबले नाही.

पॉलिश, दंतमंजन, चिंच, लिंबू यांपैकी काहीही लावू नका. मऊ सुती कापडाने पुसा, आणि मीनाकामाला पाणी लावू नका. बैठक पितळ किंवा काशाची असणे ही फसवणूक नव्हे, हेही सांगतो. त्या काळच्या पेढ्यांच्या मूल्यपत्रकांत एकाच घाटाचे चषक वेगवेगळ्या किमतींना असत. ऐपत असलेल्यांसाठी सबंध चांदीचा, आणि इतरांसाठी फक्त पेला चांदीचा व बाकी मुलामा दिलेल्या स्वस्त धातूचा. जिथे द्राक्षारस स्पर्श करतो तिथे मात्र काटकसर नाही. तुमच्या चषकामागचे आईवडील बहुधा दुसऱ्या गटातले असावेत, आणि त्यांनी पेल्याला ९५ टंच चांदी घेतली.

कामठीकर

आमच्या भागाशी जुळणारे थोडे लिहितो. नागपूर-कामठीकडे एकोणिसाव्या शतकात आलेले सेंट फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे मिशनरी आनेसीचे होते, आणि नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत १८८७ साली झाला. आनेसी ज्या सव्हॉय प्रांतात आहे तो १८६० पर्यंत सार्डिनियाच्या राज्यात होता, नंतर फ्रान्समध्ये आला. म्हणून विदर्भात कुणाला या मिशनरींनी आणलेले जुने पात्र पाहायला मिळाले, तर १८६० पूर्वी आनेसीत घडलेल्या वस्तूवर मिनर्व्हा नसणारच, आणि तेवढ्यावरून ती फ्रेंच भाषक भागातली नाही असे ठरवू नये. तिथल्या माणसांनी लिओंहून खरेदी केली असेल तर मात्र मिनर्व्हा सापडेल.

वसईची_लेक

तारीख पाहून मी जुने पंचांग काढून गणित मांडले. १८७८ साली ईस्टर २१ एप्रिलला होता. म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा पेंटेकॉस्टचा सण ९ जूनला आणि त्याच्या पुढचा, पवित्र त्रैक्याचा रविवार १६ जूनला. त्याच्या आदल्या दिवसाचा, १५ जूनचा, शनिवार हा वर्षातल्या चार उपवास-शनिवारांपैकी एक होता, आणि जुन्या रीतीप्रमाणे गुरुदीक्षा देण्याचे दिवस म्हणजे मुख्यतः हेच शनिवार. आपल्या चषकाच्या धन्याला त्या शनिवारी दीक्षा मिळाली, याबद्दल मला शंका उरलेली नाही. दीक्षाविधीत बिशप नव्या धर्मगुरूच्या हाती द्राक्षारसाचा चषक आणि त्यावर तबकडी देत. दुसऱ्या दिवशी, त्रैक्याच्या रविवारी, त्याने आपली पहिली मिस्सा याच चषकातून अर्पण केली असेल.

ऐवज

मग मालकीचा प्रश्न बराचसा सुटला. हा व्यक्तिगत चषक दिसतो. फक्त एक शक्यता उरते की त्याने मृत्युपत्राने तो एखाद्या चर्चला दिला असेल. त्या काळी बहुतेक फ्रेंच धर्मप्रांतांची ‘सेमेन रेलिजिअझ’ नावाची साप्ताहिके निघत आणि त्यांत दीक्षा घेतलेल्यांची नावे व धर्मगुरूंचे मृत्युलेख छापले जात. जून १८७८ चा अंक मिळाला तर आद्याक्षरे जुळवून पाहता येतील.

दोन_नद्या

धर्मप्रांताच्या पुराभिलेखागारात जाऊन आले. तेथील वयस्कर ग्रंथपालांनी जून १८७८ ची बांधीव फाइल काढून दिली. १५ जूनच्या दीक्षार्थींची यादी तीत आहे, आणि ती आद्याक्षरे दोन नावांना लागू पडतात. एकजण डोंगराळ भागातल्या खेड्यात गेला, दुसरा शहरातच शिक्षक झाला. त्यांचे मृत्युलेख शोधायचे तर पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचे अंक चाळावे लागतील. उन्हाळ्याच्या सुटीसाठी अभिलेखागार बंद झाले असून ते सप्टेंबरमध्ये उघडेल, तेव्हा मी पुन्हा जाणार आहे. दोघांपैकी कुणी तो एखाद्या चर्चला दिल्याचे निघाले, तर मी तो तिथे पोचता करीन.

तोपर्यंत चषक पुन्हा जोडून, सुती कापडात गुंडाळून, कपाटातल्या वरच्या खणात उभा ठेवला आहे. मुलामा दिलेला नाही.